वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी मोडीत काढताना

प्रश्न : वडिलांच्या नावावर 2012 मध्ये नोंदलेली स्कूटर बंद पडून अंगणात उभी आहे. वडील गेल्या वर्षी वारले. कबाडी वजनावर रोख पैसे देतो म्हणतो, शिवाय नंबर प्लेट काढून आमच्या हाती देणार आहे. त्याला गाडी द्यावी का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : कृपया देऊ नये. गाडीची खरी ओळख चेसिसवर ठोकलेल्या क्रमांकात आणि आरटीओच्या ‘वाहन’ प्रणालीतील नोंदीत असते. प्लेट घरी आणल्याने यातले काहीच पुसले जात नाही. तो चेसिस क्रमांक पुढे एखाद्या चोरीच्या गाडीला चिकटवला गेला, तर चौकशी नोंदीतल्या नावाच्या आणि पत्त्याच्या दारात येते, आणि ते नाव आपल्या वडिलांचे आहे. चार पैसे कमी-जास्त मिळण्यापेक्षा ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

वाहने मोडीत काढण्याविषयीचे केंद्र सरकारचे नियम सप्टेंबर 2021 मध्ये लागू झाले. त्यांनुसार गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्यावी. नोंदणी नागपूरची असली तरी देशातील कोणत्याही नोंदणीकृत केंद्रात ती देता येते. गाडीवर कर्जाचा बोजा किंवा थकबाकी आहे का, ती चोरीची किंवा गुन्ह्यात अडकलेली आहे का, हे केंद्र आधी तपासते आणि गाडी व मूळ आरसी ताब्यात घेऊन ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ म्हणजे गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र देते. त्यानंतर बॅटरी, ऑइल, इंधन असे घातक घटक वेगळे काढून गाडी तोडली जाते आणि चेसिस क्रमांकाचा तुकडा कापून केंद्राच्या ताब्यात ठेवला जातो. कबाड्याच्या दुकानात हेच ऑइल बहुधा नालीत जाते, हेही आपण विसरू नये.

आपल्या बाबतीत आधी वारसाची बाजू सरळ करावी लागेल. मालकाच्या मृत्यूची माहिती 30 दिवसांत आरटीओला द्यावी आणि तीन महिन्यांत नमुना 31 मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करावा, असा नियम आहे. मुदत उलटली असली, तरी मृत्यू प्रमाणपत्र व वारसाची कागदपत्रे घेऊन संबंधित कार्यालयात जावे. एमएच-31 असल्यास नागपूर शहर, एमएच-40 असल्यास ग्रामीण आणि एमएच-49 असल्यास पूर्व नागपूर. गाडी कायमची निकामी झाल्यास मालकाने 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर तसे कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम 55 सांगते. शेवटी नोंदणी रद्द झाल्याचे ‘वाहन’ पोर्टलवर स्वतः पाहावे. तोवर काम पूर्ण झाले असे मानू नये.

प्रश्न : माझी डिझेल कार 2013 ची आहे. दहा वर्षांनंतर डिझेल गाडी भंगारात काढावीच लागते, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : नागपुरात असे बंधन नाही. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरती राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशातून आली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती लागू करण्यास सांगितले. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे तपासणीत गाडी योग्य ठरल्यास दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. एप्रिल 2022 पासून कारच्या नूतनीकरणाचे शुल्क 600 वरून 5,000 रुपये झाले असून पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. सरकारी गाड्यांची गोष्ट निराळी आहे, कारण 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांनंतर त्यांचे नूतनीकरणच होत नाही. आपली गाडी नीट राखलेली असेल, तर शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ती घाईने काढू नये. धूर ओकत असेल, तर 2028 ची वाटही पाहू नये.

प्रश्न : डिपॉझिट प्रमाणपत्राचा प्रत्यक्ष उपयोग काय?
– एक वाचक, सदर

उत्तर : त्यावर नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते आणि मोटार वाहन करात सवलत मिळते. केंद्र सरकारने या सवलतीची कमाल मर्यादा खासगी गाड्यांसाठी 25 टक्के आणि व्यावसायिक गाड्यांसाठी 15 टक्के ठेवली आहे, मात्र प्रत्यक्ष दर राज्य ठरवते, म्हणून बुकिंगपूर्वी आरटीओत चौकशी करावी. आपल्याला नवी गाडी घ्यायची नसेल, तर हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येते. विम्याचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र गाडीचा नसून मालकाचा असतो, तेव्हा जुनी पॉलिसी बंद करताना विमा कंपनीकडून त्याचे पत्र मागून घ्यावे.