उदयपूरला पहिल्यांदा जाताय ना? मग हे ऐका

सिटी पॅलेस सकाळी दार उघडताच गाठा. आतले जिने इतके अरुंद आहेत की गर्दी झाली की पुढच्याची पाठ बघतच चालावं लागतं. मोर चौकात मात्र थांबाच. काचेच्या तुकड्यांनी घडवलेले ते मोर जवळून बघा, पिसांतला निळा-हिरवा रंग उन्हात अक्षरशः हलतो!

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- पिचोला तलावातला लेक पॅलेस 'बघायला' निघतात. ते हॉटेल आहे, सहज आत सोडत नाहीत. त्याऐवजी बोटीने जगमंदिरला, म्हणजे तलावातल्याच दुसऱ्या महालात, जा.
- १६५१ चं जगदीश मंदिर भर दुपारी गाठतात, तेव्हा दार बंद असतं.

संध्याकाळी गणगौर घाटावर निवांत बसा. सज्जनगड (साताऱ्याचा नव्हे, इथला टेकडीवरचा महाल) दुसऱ्या दिवशी, सूर्यास्ताला. कुंभलगडचं पुढच्या खेपेला बघू.