खंडाखालचं कवच म्हातारं, समुद्राखालचं तरुण, असं का?

प्रश्न: आम्ही शाळेत वर सियाल, खाली सायमा असं पाठ केलं होतं. मुलीच्या पुस्तकात मात्र खंडीय आणि महासागरी कवच असं दिलंय. दोन्ही एकच का? आणि समुद्र एवढे जुने, मग त्याखालचे खडक नवे कसे?

उत्तर: साधारण तेच आहे, फक्त तुमच्या वेळचं चित्र जरा जास्तच सोपं होतं. सियाल म्हणजे खंडांचं कवच, त्यात सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम जास्त, सायमात मॅग्नेशियम जास्त. पण समुद्राखाली वरचा थर नसतोच, गाळ बाजूला केला की थेट बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा खडक.

खंडांच्या कवचातल्या ग्रॅनाइटचा तुकडा हातात घेऊन बघा, गुलाबी-पांढरे दाणे, मध्येच काचेसारखं क्वार्ट्झ, अभ्रकाची चमचम. हा खोलवर सावकाश थंड झालाय म्हणून दाणे मोठे. बेसॉल्ट काळपट, दाणे डोळ्यांना दिसतच नाहीत कारण लाव्हा झटपट थिजला, आणि तेवढाच तुकडा घेतला तर तो वजनाला जास्त भरतो. खंडीय कवच सरासरी 35-40 किमी जाड, हिमालय-तिबेटखाली तर 70 च्या आसपास, आणि महासागरी जेमतेम 7 किमी.

आता वयाचं. समुद्र जुने आहेत हो, पण त्यांचा तळ सारखा बदलत असतो. समुद्रातल्या लांबच लांब पर्वतरांगांच्या मधोमध भेग रुंदावते, खालून मॅग्मा (वितळलेला खडक) वर येतो, नवीन तळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकायला लागतो (आइसलंडमध्ये ही रांग पाण्याच्या वर आलीय, तिथे वर्षाला साधारण 2 सेमी). सरकता सरकता तो थंड होतो, खालून मॅंटलचा (कवचाखालच्या खडकाचा) थर चिकटत जातो, सगळं मिळून इतकं जड होतं की शेवटी पॅसिफिकमधल्या मारियानासारख्या गर्तेत, म्हणजे समुद्रतळाच्या खोल चरात, खाली घुसतं. सरकता पट्टाच म्हणा ना, एका टोकाला माल चढतोय, दुसऱ्या टोकाला उतरतोय. म्हणून समुद्रतळाचा बहुतेक भाग 18-20 कोटी वर्षांच्या आतला. खंड हलके, ते असे बुडत नाहीत, म्हणून कॅनडात 400 कोटी वर्षांचा खडक अजून सापडतो. माझ्या मते पुस्तकात जाडीचे आकडे पाठ करून घेण्यापेक्षा हे आधी सांगायला हवं.

प्रश्न: कवच कुठे संपतं ते कळलं कसं? कोणी खाली गेलंय का?

उत्तर: कोणीच नाही, भूकंपाने कळलं. 1909 साली क्रोएशियातल्या एका भूकंपाच्या नोंदी बघताना भूकंपशास्त्रज्ञ मोहोरोविचिच यांना दिसलं की एकाच धक्क्याच्या लाटा दोनदा पोचल्यात. काही कवचातूनच आल्या, काही खोल जाऊन जास्त वेगाच्या थरातून, म्हणजे लांबचा रस्ता धरूनही दूरच्या नोंद-केंद्रांवर आधी. हा वेगाचा थर जिथे सुरू होतो तीच कवचाची सीमा, तिला आता मोहो म्हणतात.

खोदून बघायचे प्रयत्नही झाले. अमेरिकेने पातळ कवच म्हणून समुद्र निवडला, 1961 मध्ये मेक्सिकोजवळ साडेतीन किमी पाण्याखाली तळात 183 मीटर गेले, मग 1966 ला पैसेच बंद झाले. रशियाचं कोला बोअरहोल जमिनीवर, 1989 पर्यंत 12,262 मीटर, पण तिथलं कवच याच्या तिप्पट तरी जाड आणि तळाशी तापमान 180 अंशांवर गेलं, अंदाज होता 100 चा, खडक मऊ पडून ड्रिलिंग पुढे जाईना.