पाऊस ओसरल्यावर रतनगड

पहिलाच ट्रेक ना? मग भर पावसातली गर्दी टाळ आणि भाद्रपद सरता सरता रतनगडावर जा. माथा सोनकीच्या रानफुलांनी पिवळाधमक झालेला असतो. हवा इतकी धुतलेली, की अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि कळसूबाईचं शिखर लख्ख दिसतात. माझ्या मते सह्याद्रीत याहून सुखाचे दिवस नाहीत. फोटोसाठी फुलांत लोळणाऱ्यांच्या नादी लागू नकोस, पायवाटेवरूनच चाल. गडावर चढायच्या शिड्यांच्या आसपास कातळ अजून निसरडा असतो. आश्विनातलं ऊन मात्र फसवं. पहाटेच निघ, तीन लिटर पाणी घे. उतरल्यावर पायथ्याच्या रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळापाशी निवांत बस. कोजागरी जवळ असेल तर गावातच मुक्काम कर. दूध आटवायला वेळ लागतो, आणि हो, जायफळ घरूनच ने.