रुबार्ब सांदवाडीत (घरामागच्या परसात) होते का? होते, पण एका हिवाळ्यापुरता

काटोलकडच्या एका भाऊंनी विचारलंय, "साहेब, मोबाईलवर रुबार्बचा व्हिडिओ पाहिला, लालभडक दांडे, त्याचा जाम करतात म्हणे, बियाणं ऑनलाईन बोलावलं, सांदवाडीत लावलं तर होईल का? अन पानं एवढाली मोठी येतात तर भाजी करून चालते का?"

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो कारण त्यात जीवाचं काम आहे. पानं खायची नाहीत, शिजवूनही नाही अन पाणी फेकूनही नाही. रुबार्ब हा आपल्या आंबट चुक्याच्याच कुळातला, म्हणून पान पाहिलं की ओळखीचं वाटते, अन आपल्याकडे आंबट पान दिसलं की ते तुरीच्या डाळीत जाते, मला खरी भीती तीच आहे. त्याच्या पानात ऑक्झॅलिक ॲसिड खूप असते, किडनीवर जाते. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात भाजीपाला कमी पडला तेव्हा ही पानं खायला सांगितली गेली अन लोकांना विषबाधा झाली होती. तर घरच्या बायांना लावायच्या दिवशीच सांगून ठेवा, अन बकरी सोडायची सवय असेल तर काट्या लावून घ्या, जनावरालाही ते चालत नाही. तोडलेली पानं खताच्या खड्ड्यात टाकली तर काही होत नाही, तिथं ते ॲसिड कुजून जाते. खायचा तो फक्त दांडा, अन मुतखडा झालेल्या माणसानं तोही नको.

आता होते का ते. हे थंड मुलखातलं पीक, तिकडं एकदा गड्डा लावला की आठ-दहा वर्षं चालते, कारण हिवाळ्यात 4-5 डिग्रीच्या खाली थंडी मिळाली की गड्डा झोपतो अन मग जोरात फुटतो. आपल्याकडे तशी थंडी सलग पडत नाही, वरून मे महिन्यात 45 डिग्री, त्यात गड्डा वाचत नाही. म्हणून व्हिडिओतलं "एकदा लावा वर्षानुवर्षं खा" विसरा अन हरभऱ्यासारखं रब्बीचं एका हंगामाचं पीक समजा, अमेरिकेत टेक्सासकडे गरमीच्या भागात असंच करतात.

मी मागच्या साली क्वार्टरमागं तीन ग्रो बॅगेत लावून पाहिला. डिसेंबरात पान तळहातापेक्षा मोठं झालं, दांडा बुडाशी लालसर, वर हिरवाच, करंगळीएवढा जाड. होळीनंतर दुपारी पानं लोळायला लागली, संध्याकाळी आपोआप उभी राहायची, पण मला वाटलं पाणी कमी पडते म्हणून मी रोज दोन टाईम पाणी ओतलं. एप्रिलात उकरून पाहिलं तर गड्डा मऊ, बोट दाबलं की आत जाते अन सडका वास. चूक माझीच, ते लोळणं उन्हाचं होतं, तहानेचं नव्हतं.

तर तुम्ही असं करा, सप्टेंबरच्या शेवटी बी तीन-चार तास भिजवून ट्रेमध्ये टाका, सावलीत ठेवा, एक ते तीन आठवड्यात उगवते. चार पानं झाली की नोव्हेंबरात हलवा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते अन चुनखडीची असते, याला निचऱ्याची, थोडी आंबटसर माती पाहिजे, म्हणून सरळ जमिनीत लावू नका, 18 इंची बॅगेत माती, मुरमाड रेती अन कुजलेलं शेणखत सारखं-सारखं घ्या, थोडं ट्रायकोडर्मा (मूळसड रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. जमिनीतच लावायचं असेल तर उंच वाफा करा अन दोन झाडात अडीच-तीन फूट सोडा. फेब्रुवारीपासून दुपारच्या उन्हाला ग्रीन नेट. फुलाचा दांडा निघाला तर लगेच मोडा.

दांडा कापायचा नाही, बुडाशी धरून पिळत ओढायचा, अन झाडावर अर्धे तरी ठेवायचे. हिरवा दांडाही खाता येते, लाल झाला म्हणजे पिकला असं काही नाही, अन बियाण्यापासून केलेल्या झाडांचा रंग एकसारखा निघतच नाही. हां, किराणा-जडीबुटीवाल्याकडे रेवंदचिनी मिळते ती याच जातकुळीतली पण हिमालयातली दुसरी, ती मुळी जुलाबाची आहे, जाममध्ये टाकू नका बाप्पा. अन पाहुणा इंग्लंडातून बी नाहीतर गड्डा बॅगेत घालून आणतो म्हणेल तर नाही म्हणा, 2003 ची प्लँट क्वारंटाईन ऑर्डर आहे, परवानगीशिवाय ते चालत नाही.

विकायचं डोक्यात असेल तर मी नाही म्हणीन, चार झाडं हौसेची ठीक. आंबट लाल जामच पाहिजे तर धुऱ्यावर जूनमध्ये लाल अंबाडी टाका, नोव्हेंबर-डिसेंबरात बोंडं निघतात, त्यांच्याभोवतीच्या लाल, जाड आवरणाचा जाम मस्त होते, अन तिची पानं मात्र बिनधास्त डाळीत टाका.