चौऱ्याहत्तरीच्या आईच्या स्तनात न दुखणारी गाठ आहे. या वयात तपासून काय उपयोग?

उपयोग नक्की आहे, याच आठवड्यात त्यांना बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) दाखवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या आकडेवारीनुसार, स्तनाचा कर्करोग स्तनापुरताच असताना सापडला तर पाच वर्षांचा सापेक्ष जगण्याचा दर (म्हणजे हा रोग नसलेल्या तशाच वयाच्या लोकांच्या तुलनेत) ९९ टक्क्यांच्या आसपास असतो. दूर पसरल्यावर तो साधारण ३० टक्क्यांवर येतो. ‘दुखत नाही’ यावर जाऊ नका. कर्करोगाची गाठ बहुधा दुखतच नाही, चिंचोक्यासारखी टणक लागते, आणि आपल्याकडे बायका ती महिनोन्‌महिने पदराआड ठेवतात. मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), सोनोग्राफी आणि सुईने काढलेला तुकडा, एवढ्यावर निदान होतं. उतारवयातल्या बऱ्याच गाठी हार्मोनवर वाढणाऱ्या असतात, त्यांवर रोजच्या गोळीचाही चांगला उपयोग होतो. मात्र हृदय किंवा मूत्रपिंड फार थकलेलं असेल, तर शस्त्रक्रिया झेपेल का हे डॉक्टरांना आधी विचारा.