बदकाचा फ्लू, माणसाचा घसा आणि मधली साखर

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा आराखडा वाचला. करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात उतरणारी बदकं पाहून ‘यांचा फ्लू माणसाला सहसा का होत नाही?’ हा प्रश्न तुला पडला, याचा आनंद वाटला. पण उत्तर तू एका ओळीत संपवलं आहेस: ‘पक्ष्यांत अल्फा-२,३, माणसांत अल्फा-२,६.’ ही ओळ खोटी नाही, अपुरी आहे. तिच्यावर प्रयोग रचलास तर आकडे मिळतील, पण त्यांचा अर्थ लावताना अडशील.

पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात आणि पुष्कळ साखळ्यांच्या टोकाला सियालिक आम्ल बसलेलं असतं. ही नऊ कार्बनांची साखर. तिचा दुसरा कार्बन शेजारच्या गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या कार्बनला जोडलेला असला तर अल्फा-२,३ आणि सहाव्याला असला तर अल्फा-२,६. पहिल्या जोडाने टोक बरंचसं सरळ राहतं, दुसऱ्याने वळतं. फ्लूच्या विषाणूवरचं हीमॅग्लुटिनिन हे प्रथिन पेशीला चिकटताना हा फरक ओळखतं. बदकाच्या आतड्यात २,३ भरपूर. माणसाच्या नाकात आणि श्वासनलिकेत २,६ जास्त, पण फुप्फुसाच्या खोल भागात २,३ सुद्धा आहे. म्हणूनच आजारी कोंबड्यांच्या अगदी जवळ वावरणाऱ्या माणसाला गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि तरी तो आजार खोकल्यावाटे पुढच्याला सहजासहजी लागत नाही. हा भेद तुझ्या आराखड्यात यायलाच हवा.

विषाणूला पसंती बदलायला फार काही लागत नाही, ही त्यातली धास्तीची बाजू. १९५७ आणि १९६८ च्या साथींच्या विषाणूंत हीमॅग्लुटिनिनच्या २२६ क्रमांकाच्या अमिनो आम्लाच्या जागी ग्लुटामिनऐवजी ल्यूसिन आणि २२८ वर ग्लायसिनऐवजी सेरिन आलं होतं. १९१८ च्या एच१ (हीमॅग्लुटिनिनचा एक उपप्रकार) विषाणूत मात्र जागा वेगळ्या होत्या, १९० आणि २२५. त्यामुळे कुठल्याही उपप्रकाराचा अमिनो आम्लांचा क्रम हाती आला की फक्त २२६ तपासून निष्कर्ष काढू नकोस.

दुसरी गोष्ट आराखड्यात नाहीच, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. सियालिक आम्ल एकच नसतं. माणसात एन-ॲसिटिल रूप असतं. घोडा, गाय, डुक्कर यांच्यात एन-ग्लायकोलिल रूपही असतं. ते बनवणारं सीएमएएच जनुक माणसाच्या पूर्वजांतच निकामी झालं. फेरेट या मुंगसासारख्या लहान प्राण्यातही ते रूप बनत नाही, आणि फ्लूच्या अभ्यासात फेरेट इतका उपयोगी पडण्याचं हे एक कारण. आता तुझ्या रक्ताच्या यादीकडे बघ. विषाणू तांबड्या पेशींवरच्या सियालिक आम्लाला चिकटून त्यांची जाळी करतो, यावरच तुझा प्रयोग उभा आहे. घोड्याच्या तांबड्या पेशींवर जवळजवळ सगळा २,३ जोड असतो म्हणून तू त्या निवडल्यास. पण त्या पेशींवरचं सियालिक आम्ल बहुतांश ग्लायकोलिल रूपातलं असतं. मानवी विषाणूने त्या पेशी एकत्र आणल्या नाहीत तर दोष जोडाचा की रूपाचा? फक्त घोड्याच्या रक्तावरून हे कधीच कळणार नाही. सोबत टर्कीच्या किंवा कोंबडीच्या पेशी (दोन्ही जोड) आणि गिनीपिगच्या पेशी (२,६ अधिक) ठेव. आणि एन्झाइमचा कंट्रोल (साखर काढून टाकलेल्या पेशींची तुलना) तर हवाच. त्याबद्दल खाली लिहितो.

सरावाला फ्लू घेऊ नकोस. कोंबड्यांच्या मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस घे. तिचा विषाणू जिवंत असला तरी सौम्य असतो. ती थोड्याच पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारट बफर) विरघळव. टायटर (विषाणूचं प्रमाण) कमी आला तर ९ ते १० दिवसांच्या भ्रूणाच्या अंड्यात वाढवावी लागेल. तेव्हा लस टोचलेल्या कोंबड्यांची अंडी नकोत, कारण बलकातली प्रतिपिंडं विषाणूला अडवतात.

कोंबडीचं रक्त तितक्याच अल्सेव्हर द्रावणात घे, म्हणजे ते गोठणार नाही. प्राण्यांच्या नैतिकता समितीची परवानगी आधी हाती असू दे. पीबीएसने तीन वेळा धू आणि दर वेळी वरचा पांढुरका थर काढून टाक. वरचं पाणी लाल दिसलं तर पेशी फुटल्या आहेत, ती खेप फेकून दे. खाली बसलेल्या पेशींपैकी अर्धा मिली १०० मिली पीबीएसमध्ये घातल्या की ०.५ टक्के द्रावण झालं. व्ही-तळाच्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात ५० मायक्रोलिटर पीबीएस, पहिल्या खळग्यात ५० मायक्रोलिटर विषाणू, तिथून निम्मं निम्मं करत पुढे जा आणि शेवटच्यातून ५० टाकून दे. मग सगळीकडे ५० मायक्रोलिटर पेशी. एक रांग विषाणूविना ठेव. अर्ध्या तासाने प्लेट तिरकी धर. एकत्र न आलेल्या पेशींचं लाल बटण थेंबासारखं ओघळतं, एकत्र आलेल्यांची जाळी जागची हलत नाही.

गिनीपिगच्या पेशींना हे नियम चालत नाहीत. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं म्हणून त्या लवकर बसतात. सस्तन प्राण्यांच्या हळू बसतात. गिनीपिगसाठी ०.७५ टक्के, यू-तळाची प्लेट आणि पूर्ण एक तास दे. तिथे थेंब ओघळण्याची वाट पाहू नकोस, एकत्र न आलेल्या पेशींचं तळाशी कडं दिसतं.

आता उकाड्याचं. विषाणूकडे न्यूरामिनिडेज हे एन्झाइमही असतं आणि ते तीच साखर तोडून टाकतं. ३७ अंशांच्या आसपास पेशी जुळतात आणि सुटतातही. जॉर्ज हर्स्ट यांनी १९४० च्या दशकात कोंबडीच्या पेशींवर हेच नोंदवलं होतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये खोलीच ३२ अंशांवर असते, त्यात वीज गेली की पंखाही बंद. अर्ध्या तासाने असलेली जाळी तासाभराने गायब झालेली दिसेल आणि तू ‘विषाणू चिकटत नाही’ असं लिहून मोकळी होशील. त्या दिवसांत प्लेट ४ अंशांवर तासभर ठेव आणि पंधरा-पंधरा मिनिटांनी फोटो काढ. अलीकडच्या काही एच३एन२ विषाणूंत तर उलटच घडतं, न्यूरामिनिडेज स्वतःच पेशींना चिकटतं. म्हणून गिनीपिगच्या पेशींत २० नॅनोमोलर ओसेल्टामिविर कार्बोक्सिलेट (न्यूरामिनिडेज अडवणाऱ्या औषधाचं सक्रिय रूप) घालतात, म्हणजे उरतं ते हीमॅग्लुटिनिनचंच काम.

एन्झाइमचा कंट्रोल. धुतलेल्या पेशी व्हिब्रिओ कॉलरी या जिवाणूच्या सियालिडेजबरोबर (सियालिक आम्ल तोडणारं एन्झाइम) ३७ अंशांवर ठेव, पुन्हा धू, मग विषाणू घाल. जाळी नाहीशी झाली तर चिकटणं सियालिक आम्लावरच होतं. या एन्झाइमला कॅल्शियम लागतं, आणि बहुतेकांचा हात इथेच फसतो. ईडीटीएत (रक्त गोठू न देणारं रसायन) घेतलेलं रक्त नीट धुतलं नसेल तर कॅल्शियम बांधलं जातं. फॉस्फेटमध्ये ते साकळतं. एन्झाइम निष्क्रिय, जाळी तशीच, आणि निष्कर्ष निघतो ‘साखर लागत नाही.’ या टप्प्यापुरतं कॅल्शियम घातलेलं बिनफॉस्फेटचं बफर वापर. फक्त २,३ जोड तोडणारं सियालिडेज मिळालं तर दोन्ही जोडांचा हिशेब वेगळा करता येईल.

ऊतींचे काप लेक्टिनने (ठरावीक साखर धरणारं प्रथिन) रंगवणार असशील तर सॅम्बुकस लेक्टिन २,६ साठी ठीक. २,३ साठी वापरतात ती माकिया झाडाची दोन लेक्टिनं आहेत, त्यांची आवड एकसारखी नाही, आणि त्यांतलं पहिलं सियालिक आम्ल नसलेल्या साखळ्यांनाही चिकटतं. सियालिडेज लावलेला काप शेजारी नसेल तर तो रंग पुरावा म्हणून मांडू नकोस.

आणि एवढं सगळं जमलं तरी चिकटणं म्हणजे संसर्ग नव्हे. मांजराचा पार्वोविषाणू एन-ग्लायकोलिल सियालिक आम्लाला चिकटतो, पण पेशीत शिरतो ट्रान्सफेरिन ग्राही या पेशीवरच्या प्रथिनावाटे. १९७८ च्या सुमारास तो कुत्र्यांत पसरला तो कवचातल्या बदलांनी कुत्र्याचा ट्रान्सफेरिन ग्राही वापरता येऊ लागल्यामुळे. वटवाघळांतले एच१७ आणि एच१८ फ्लू तर सियालिक आम्लाकडे वळतच नाहीत, एमएचसी-२ प्रथिन धरतात. लाळ्या-खुरकुताचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवत राहिलास की हेपारान सल्फेट ही वेगळीच साखरेची साखळी धरायला शिकतो आणि गायीत मवाळ पडतो. अंड्यात वाढवलेल्या फ्लूचंही काहीसं असंच. अंड्याच्या अल्लांटोइक पोकळीत (भ्रूणाभोवतीची एक पिशवी) २,३ असल्यामुळे मानवी विषाणूत तिथे बदल निवडले जातात. म्हणून विषाणू कितव्या पॅसेजचा (कितव्यांदा वाढवलेला) आहे, हे प्रत्येक नळीवर लिही.

शेवटचं, आणि हे मोडायचं नाही: करमळीला किंवा चोडणला मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नकोस, नमुना घेऊ नकोस. पशुसंवर्धन खात्याला कळव. २००६ मध्ये नवापूरला एच५एन१ आला तेव्हापासून असे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत तपासले जातात. विद्यापीठातल्या साध्या कॅबिनेटचं ते काम नाही.

पहिल्या तीन प्लेटांचे फोटो पाठव. कंट्रोलची रांग फोटोत दिसली पाहिजे, आणि त्या वेळी खोलीचं तापमान किती होतं तेही लिही.

तुझा हितचिंतक

ताळगाव, गोवा