वाचकांचे प्रश्न: फायबरच्या होडीत पाणी मुरतं तेव्हा

या वेळी टपालात फायबरच्या होड्याच जास्त आल्यात, त्यातले चार प्रश्न घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्यांचं निम्मं उत्तर त्यातच येतं.

प्रश्न (मालवणजवळून): दादा, गेल्या वर्षी १८ फुटी फायबर होडी सेकंडहँड घेतली, वीसेक वर्षं जुनी असेल, ४० एचपी आउटबोर्ड (मागे बाहेरून टांगायचं इंजिन) आहे. इंजिनाजवळ पाय ठेवला की डेक दबतो, आणि होडी रिकामी असली तरी मागून खाली बसते. ओळखीचा कारागीर म्हणतो वरून मॅटचे (काचेच्या धाग्यांच्या चटईचे) दोन थर मारू, चार दिवसांचं काम. बाबा म्हणतात, "पाणी खयसून येता तां आधी बघ." कोणाचं ऐकू?

उत्तर: बाबांचं ऐका. वरून दोन थर मारले की डेक वर्षभर कडक वाटेल आणि आतलं पाणी कायमचं कोंडलं जाईल, म्हणजे पुढच्या वेळी दुप्पट काम.

तुमच्या होडीचं पोट कसं असतं ते आधी बघू. बाहेरचं फायबरचं कवच त्या मानाने पातळच असतं, त्याला ताठ ठेवतात ते आतले स्ट्रिंगर, म्हणजे नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) पाठीमागपर्यंत लांबीत उभ्या बसवलेल्या फळ्या. जुन्या होड्यांत ते बहुतेक प्लायचे किंवा लाकडाचे, वरून फायबर गुंडाळलेले. त्यांच्यावर डेकचं प्लाय, आणि मधल्या पोकळीत होडी बुडू नये म्हणून भरलेला पिवळसर फोम. हे सगळं कोरडं आहे तोवर झकास. पण सीटचे स्क्रू, दोर बांधायचा क्लीट, झाकणाच्या कडा, गळाच्या दांडीचा होल्डर, जिथे कोणी भोक पाडून नुसता स्क्रू पिळलाय तिथून पाणी आत उतरतं, आणि फोम तळाला चिकटून भरलेला असेल तर त्याला बाहेर यायला वाटच राहत नाही.

आणि दोष सगळे समुद्राला देतात, पण लाकूड कुजवायला पावसाचं पाणी जास्त वाईट. खाऱ्या पाण्यात कुजवणारी बुरशी तितकीशी वाढत नाही, गोड्या पाण्यात मस्त वाढते. पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत होडी किनाऱ्यावर सपाट टेकवून वर फाटकी ताडपत्री टाकली, ड्रेनचा बूच तसाच ठेवला, की जून-जुलैचा कोकणातला पाऊस आत साचून राहतो. नाळ उंच करून, बूच काढून ठेवायला पाच मिनिटं लागतात, तेवढं कोणी करत नाही.

तोडायच्या आधी तपासा. एक, जमलं तर होडी ट्रेलरसकट किंवा पिकअपवर टाकून वजनकाट्यावर न्या, आणि बांधणाऱ्याने दिलेलं किंवा तशाच दुसऱ्या होडीचं वजन मिळालं तर ताडून बघा. चांगला फोम घनमीटरला ३२ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे २०० लिटर फोम सहा-साडेसहा किलोचा. तोच अर्धा पाण्याने भरला तर वर १०० किलो चढले, दीड माणूस कायम डेकखाली बसलाय असं समजा. दोन, लाकडी हातोडीने डेकवर ठोकत जा, टणक आवाज जिथे भद्द होतो तिथे खडूने खूण करा. तीन, स्ट्रिंगरच्या बाजूला, खालच्या अंगाला ८ मिमीचं भोक पाडा. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोली ठरवून घ्या नाहीतर तळ फोडून बसाल. भुसा कोरडा, फिका आला तर वाचलात, भोक एपॉक्सीच्या पुट्टीने बंद करा. काळपट चिखल आला, वास आला, तर डेक उघडावाच लागेल. चार, ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगलेली पाठीमागची भिंत: इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर हाताने जोर द्या आणि भिंत हलते का बघा. ती पण हलत असेल तर पैशाचा हिशोब नव्याने करा, कधीकधी कवच विकून दुसरी होडी घेणं शहाणपणाचं असतं, हे कारागीर सांगणार नाही म्हणून मी सांगतो.

उघडायचं ठरलं तर सगळ्यात महत्त्वाचं आधी: कवचाला खालून नीट आधार द्या. वाळूच्या गोण्या पुरतात, पण जागोजागी आणि सारख्या उंचीवर. स्ट्रिंगर काढल्यावर कवच नरम पडतं, त्या अवस्थेत तळ वाकला आणि वर नवे स्ट्रिंगर बसले की तो वाक आयुष्यभर तसाच राहतो, होडी एका बाजूला ओढायला लागते. म्हणून नाळेपासून मागपर्यंत सुतळी ताणून ठेवा, काम चालू असताना बघत राहा. स्ट्रिंगर एकदम सगळे काढू नका, एक काढा, त्याचा कार्डबोर्डचा साचा घ्या, नवा बसवा, मग पुढचा. डेक कापताना सर्क्युलर सॉची खोली प्लायपुरतीच ठेवा आणि कडेने दोन-तीन इंचांची पट्टी सोडा, नवा डेक त्या पट्टीला जोडता येतो.

प्लाय घ्या आयएस ७१० छापाचं मरीन प्लाय, "वॉटरप्रूफ आहे हो" या दुकानदाराच्या शब्दावर नाही, शिक्का बघून. सागाचा मोह बऱ्याच जणांना होतो, पण साग तेलकट, त्यावर रेझिन (मॅट चिकटवायचं, सुकून कडक होणारं द्रव) नीट धरत नाही, वापरायचाच तर चिकटवायच्या जरा आधी ॲसिटोनने पुसून. स्ट्रिंगर तळावर थेट टेकवायचा नाही, जाडसर पुट्टीच्या गादीवर बसवायचा, नाहीतर लाकडाची धार जिथे टेकते तिथे प्रत्येक लाटेला तळावर एकाच रेषेत मार बसतो आणि तिथेच चीर जाते. दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यात पुट्टीचा गोलावा द्या, कारण फायबरची मॅट काटकोनात वळत नाही, खाली हवा राहते. मग मॅट आणि रोविंग (काचेच्या धाग्यांचं विणलेलं जाड कापड) आलटून पालटून, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा कमी-जास्त रुंद, म्हणजे सगळ्या कडा एका रेषेत संपणार नाहीत. आणि त्याआधी जुनं फायबर ३६-४० नंबरच्या डिस्कने घासून पांढरं आणि खरखरीत करायचं. जुन्यावर नवीन चिकटतं ते नुसत्या पकडीवर, चकचकीत पृष्ठभागावर मारलेला थर नंतर सालीसारखा निघतो.

आता बाबांच्या मुद्द्यावर येतो. प्रत्येक स्ट्रिंगरला आणि आडव्या भिंतीला सगळ्यात खालच्या जागी पाणी वाहायला भोक हवंच, त्यात पीव्हीसी पाइपचा तुकडा रेझिनने बसवा म्हणजे प्लायची कापलेली कड उघडी राहणार नाही. पाणी कुठूनही आलं तरी मागे बूचापाशी पोचलं पाहिजे. डेकच्या प्लायला खालच्या बाजूने पण रेझिन आणि मॅटचा एक थर, हा सगळेच वाचवतात कारण तो कोणाला दिसत नाही. आणि सीट, क्लीटच्या भोकांचं असं करा, भोक हवंय त्यापेक्षा मोठं पाडा, ते पुट्टीने भरा, सुकलं की त्या पुट्टीत स्क्रूचं भोक पाडा आणि पॉलियुरेथेन सीलंट लावून पिळा. सिलिकॉन नको, एकदा लागलं की त्या जागी पुढे काहीच धरत नाही.

वेळेचं म्हणाल तर होडी बंदीत रिकामी असते म्हणून सगळे तेव्हाच काम काढतात आणि तेव्हाच हवा सगळ्यात दमट. तोडणं, घासणं, साचे काढणं हे शेडखाली तेव्हा करून घ्या, कवचाला पंखे लावून सुकवा, पण फायबर मारायचं काम उघडीप पडेल तेव्हाच, ओल्या प्लायवर तर अजिबात नाही.

प्रश्न (अलिबागहून): आमच्या होडीचा जुना फोम काढून टाकला, पोतीच्या पोती निघाली, पिळलं तर पाणी गळत होतं. आता परत फोम भरायचा का नुसती पोकळी ठेवू? मिस्टर म्हणतात थर्माकोलचे तुकडे भरू, स्वस्त पडतं. आणि किती लागेल?

उत्तर: ताई, आधी थर्माकोलचं सांगतो, तो नको. पॉलिएस्टर रेझिन त्याला खातं, पेट्रोल पण खातं, डेकखाली टाकीची नळी जरा गळली की तुमचा फोम विरघळून चिकट लगदा. मग तो तरंगवणार कोणाला. पोकळी सीलबंद असेल तर हवा पण तरंगवते, पण एक चीर पडली की तो कप्पा गेलाच, म्हणून असे कप्पे वेगवेगळे हवेत आणि प्रत्येकाला उघडून बघायचं झाकण हवं.

किती लागतो याचा ढोबळ हिशोब. १०० लिटर फोम समुद्राच्या पाण्यात साधारण ९९ किलो उचलतो. पाण्याने भरलेल्या होडीत फायबरचं वजन सगळं मोजायचं नाही, पाण्यात ते जवळपास एक तृतीयांशच भरतं, लाकूड तर स्वतःच तरंगतं. म्हणजे फायबर ४०० किलोचं असेल तर त्याला दीडशे लिटरच्या आसपास, ७०-१०० किलोच्या इंजिनासाठी त्याच्या वजनाइतके लिटर धरून टाका, बॅटरी, नांगर, जाळं याचं वेगळं, माणसं धरून राहतील त्यांचं आणखी वेगळं. ३०० लिटरच्या खाली मी तरी थांबणार नाही.

पण किती यापेक्षा कुठे हे जास्त महत्त्वाचं. सगळा फोम तळात भरला तर होडी भरल्यावर तळच वर यायला बघतो आणि होडी उलटते, मग उलट्या गुळगुळीत तळाला माणसांनी धरायचं काय? म्हणून बराचसा फोम दोन्ही बाजूंना, काठाच्या खाली, जमेल तितका वर, आणि थोडा मागे इंजिनाच्या दोन्ही अंगांना. यात एक फायदा फुकटात मिळतो, तळ मोकळा राहतो आणि पाणी वाहतं.

भरायचा तो दोन डब्यांचा पॉलियुरेथेन फोम, बहुतेकांचं माप निम्मं निम्मं असतं पण डब्यावर बघा. मिसळल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटात फुगायला लागतो आणि २५-३० पट होतो, म्हणून थोडा थोडा ओता, एक थर गार झाला की दुसरा, डेकला हवा निघायला भोकं ठेवा. एकदम जास्त ओतला तर आतून इतका तापतो की करपतो, पेट पण घेऊ शकतो, आणि जागा नसेल तर डेक उचलतो. दार-खिडकीच्या फटी भरायचा स्प्रेचा डबा यासाठी नाही, तो पाणी धरतो. आणि ती काढलेली पोती किनाऱ्यावर पेटवू नका, तो धूर विषारी असतो, वारा गावाकडेच येतो.

प्रश्न (अमेरिका, मिशिगनहून): इथे तळ्यात मासे पकडायला १९८७ ची १७ फुटी बोट घेतली. डेकखालच्या फोममध्ये पाणी आहे, हिवाळ्यात गोठतं. रेझिन एपॉक्सी वापरू का पॉलिएस्टर? मित्र म्हणतो फोम परत टाकूच नको.

उत्तर: मित्राचं अर्धं ऐका, तळात टाकू नका. पण बिनफोमची करू नका. तुमच्याकडे २० फुटांखालच्या आउटबोर्ड बोटी पाण्याने भरल्या तरी तरंगल्या पाहिजेत असा नियम बांधणाऱ्या कंपन्यांना आहे, मालकाला कोणी विचारणार नाही, पण त्या गार तळ्यात बोट पायाखालून गेली तर नियम आठवून उपयोग नाही. बोस्टन व्हेलर कंपनीने १९५८ मध्ये दोन कवचांमध्ये फोम भरलेली १३ फुटी बोट आणली आणि १९६१ मध्ये 'लाइफ' मासिकात ती बोट पाण्यातच करवतीने मधोमध कापून दाखवली, मागचा अर्धा भाग इंजिनासकट चालत राहिला. जाहिरात होती, पण फोम काय करतो ते लोकांना कळलं. अर्थात याच जुन्या व्हेलरमध्ये पाणी शिरलं की काढता काढता नाकी नऊ येतात.

तुमचा फोम खराब होण्यात गोठण्याचा हात मोठा आहे. आत शिरलेलं पाणी बर्फ होताना फुगतं, फोमच्या बंद पेशी फुटतात, पुढच्या वर्षी जास्त पाणी शिरतं. सुकवून तो परत कामाचा होत नाही, काढाच.

रेझिनचं म्हणाल तर जुन्या पॉलिएस्टरवर आणि लाकडावर एपॉक्सीची पकड जास्त चांगली, एकट्याने एक बोट करताय तर मी एपॉक्सीच घेईन. फक्त साधी चॉप्ड स्ट्रँड मॅट (धाग्यांचे तुकडे गोंदाने चिकटवलेली) त्याच्याबरोबर घेऊ नका, तिचा गोंद पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळण्यासाठी असतो, एपॉक्सीत ती नीट भिजत नाही, बायअ‍ॅक्सियल कापड (दोन दिशांना धागे शिवलेलं) घ्या. एकदा एपॉक्सी मारलं की त्यावर परत पॉलिएस्टर मारू नका, भरवशाचं धरत नाही. दोन थरांमध्ये दिवस गेला तर वर मेणचट थर येतो, तो आधी पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, मग घासा, उलट केलं तर मेण घासून आत जाईल. थंडीत गॅरेज गरम ठेवता येत नसेल तर मे महिन्यापर्यंत थांबा, गार हवेत रेझिन दिवसेंदिवस चिकटच राहतं.

प्रश्न (रत्नागिरीहून, वर्कशॉपमध्ये नवीन लागलेला मुलगा): फायबर घासल्यावर अंगाला रात्रभर खाज सुटते आणि रेझिनने डोकं दुखतं, सवय होते का?

उत्तर: खाजेची होते, डोकेदुखीची सवय करून घेऊ नकोस. घासायच्या आधी मानेला, मनगटाला पावडर लाव, पूर्ण बाह्या, बाहीच्या टोकाला टेप, आणि नंतर आधी गार पाण्याने अंग धुव, गरम पाण्याने आंघोळ केलीस तर कण आणखी रुततात. धुळीसाठी चांगला धुळीचा मास्क चालतो, पण रेझिनच्या वासाला तो काहीच करत नाही, त्याला वास शोषणारा कार्ट्रिजवाला मास्क लागतो, मालकाकडे माग, मागायला लाजू नकोस.

आणि डोक्यात पक्कं बसव: कोबाल्ट (रेझिन लवकर सुकायला घालतात तो) आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारा) हे दोन एकमेकांत थेट कधीच ओतायचे नाहीत, भडका उडतो, स्फोट पण होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचा, मग हार्डनर, तो पण १-२ टक्के, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गेलाच तर वाट न बघता पंधरा मिनिटं पाण्याने धुवत राहायचं आणि लगेच दवाखाना. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर ठेवल्या असतील तर उद्या सकाळी पहिलं काम त्या वेगळ्या कर.